सुकदेवनाना आणि शाळेचं उलटं दार

सुकदेवनाना रोज सकाळी शाळेत यायचे ते शाळेचं दार जागेवर आहे का हे बघायला. काठीने ठोकायचे, बिजागरी हलवायचे आणि मग माझ्याकडे असं बघायचे, की मी ते दार पिशवीत घालून देवपूरच्या माझ्या घरी न्यायलाच निघालोय. मुख्याध्यापक मी, पण हजेरी घेणार नाना, आणि तीही दाराची.

गाव भडगावकडचं, गिरणेकाठचं. शाळेची जुनी खोली गावानेच बांधली. कुणी दगड दिले, कुणी वासे, कुणी कौलं. नानांच्या वडिलांनी आपल्या घराचं दार काढून दिलं. ते बसलं मात्र उलटं! आतली कडी बाहेर आणि शोभेची पितळी फुलं आत. सुताराने त्या दिवशी थोडी घेतली असावी, असं गावात सांगतात.

नानांचं पालुपद एकच, "यामा काहीतरी डाव शे." मतदानाला शाळा दिली, तर सगळं गाव यंत्राकडे बघत होतं आणि नाना दाराकडे. लसीकरणाच्या नर्सबाईंनी दाराला कागद चिकटवला, तेव्हा खिळा मारतात की काय म्हणून हे त्यांच्या हातावर डोळा ठेवून उभे. रंगाऱ्याला तर त्यांनी पळवूनच लावलं. "भिती रंगाड! दारले हात लावू नको!"

बायको गेलेली, मुलं सुरतेला. असा एकटा म्हातारा एका दारासाठी एवढा का भांडतो? हळूहळू मलाही संशय येऊ लागला. दाराच्या फळ्यांत काही दडवलंय की काय? शाळा सुटल्यावर एकदा मीच गुपचूप दार ठोकून पाहिलं. मागून आवाज आला, "सापडनं का काही, गुरजी?"

यंदा जुनी खोली पाडायचं ठरलं. शेजारी नवी उभी राहिली, तिला लोखंडी दार येणार होतं. नाना शाळेच्या ओट्यावरून हलेनात, भाकरीसुद्धा तिथेच खाऊ लागले. कटकट मिटावी म्हणून मी सरपंचांना गळ घातली आणि नव्या खोलीला जुनंच दार लावायचं ठरलं. सुतार आला. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आता तरी सुलटं बसवा."

नाना चौकटीतच फतकल मारून बसले. "पहिले माले उचला, मंग दार बसाडा."

"नाना, अहो चूक दुरुस्त करतोय."

"चूक नही ती. मन्ही मायनी मुद्दाम तसं बसाडं."

मग त्यांनी काठीने दाखवलं. दाराची जी बाजू पूर्वी त्यांच्या घरात आतून असायची, तिच्यावर, बसलेल्या पोरीचं डोकं टेकेल तिथे, एक काळपट तेलकट डाग होता. तो सखूचा, त्यांच्या धाकट्या बहिणीचा. लहानपणी नाना नदीपलीकडच्या गावी शाळेत जात. मुलीला नदीपार कोण धाडणार? संध्याकाळी नाना पाढे म्हणत आणि सखू बंद दाराला डोकं टेकून ऐकत बसे. आपल्या गावात शाळा होणार म्हणून तिने पाटीही आणवली होती. भिंती उभ्या राहीपर्यंत ती तापाने गेली.

"शाळा भरनी का दार आत उघडीसन भितले टेकस," नाना म्हणाले. "उलटं शे म्हणीसन तो डाग वर्गकडे राहस. माय म्हणे, सखू आते वर्गमा बठी."

सुताराने दार उलटंच बसवलं.

नव्या खोलीत पहिल्याच दिवशी पहिलीतली एक मुलगी, चापून तेल लावलेली, नेमकी दाराशी बसली आणि तिने त्या डागावर डोकं टेकलं. ओट्यावर नानांनी काठी उचलली. मी घाईने म्हणालो, "बाळा, सरक तिथून."

"ऱ्हाऊ द्या गुरजी," नाना म्हणाले. "बठू द्या तिले."

तेव्हापासून नाना दार ठोकत नाहीत. नुसते आत डोकावतात. परवा दाराजवळची जागा रिकामी दिसली. कापूस वेचायचे दिवस, नेली असेल आईने शेतात, असं मी म्हणालो. नानांनी डोळे बारीक केले.

"यामा काहीतरी डाव शे," म्हणाले, आणि काठी टेकत पोरीच्या घराकडे निघाले.