काळ्या दगडावर ओरखडा

बालवाडीच्या बाई दर आठवड्याला मुलांना मागच्या टेकडीवर फिरायला नेत, आणि मुलं खिशांत भरून अर्धी टेकडी घरी नेत. कपडे धुऊन धुऊन आया वैतागल्या. तक्रार संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली.

"बालवाडी आहे की खाण?" अध्यक्ष कडाडले. "आज परत आलात की मी स्वतः मुलांना विचारणार, काय शिकलात. उत्तर आलं नाही, तर टेकडी बंद!"

टेकडी बंद म्हणजे दिवसभर ही वानरसेना चार भिंतींत. शिवाय टेकडी बाईंनाही मनापासून आवडायची. आज एकच गोष्ट शिकवायची, पण पक्की, असं ठरवून त्यांनी पर्समधून एक बोथट खिळा काढला. "यानं दगडावर रेघ ओढायची. पूड निघाली तर दगड मऊ, नाही निघाली तर कडक."

मुलं चेकाळली. मुरमाची पिवळी पूड निघाली. मऊ! काळ्या कातळावर खिळाच झिजला. कडक!

"कडक का, बाई?" गोबऱ्या गालांच्या फुग्यानं विचारलं.

"जमिनीच्या पोटातला तापलेला रस वर येऊन थिजला, त्याचा हा दगड झाला."

"म्हणजे करपला?"

"तसंच समज."

खिळा एकदा फुग्याच्या हाती गेला तो गेलाच. उतरताना त्यानं बाक तपासला, फाटक तपासलं. मग तो कुणाच्या तरी नव्या स्कूटरकडे वळला, तेव्हा दगडापेक्षा वीट मऊ का ते बघ, म्हणत बाईंनी त्याला कुंपणाच्या विटांच्या भिंतीकडे ढकललं.

बालवाडीच्या दारात अध्यक्ष उभेच होते. मुलांना न्यायला आलेल्या आयाही होत्या. अध्यक्षांच्या मागे भिंतीत त्यांनीच भेट दिलेली काळीभोर शिळा होती, वर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. अस्सल ग्रॅनाइट, थेट खाणीतून मागवलाय, हे ते प्रत्येक भाषणात सांगत.

"काय रे, काय शिकलास?"

"दाखवू, आजोबा?" फुगा म्हणाला.

"दाखव की!"

बाई "अरे, नको!" म्हणेपर्यंत फुगा शिळेला भिडला होता. कर्रर्र! काळ्या रंगाचा पापुद्रा सुटला, आतून पांढरी पूड भुरभुरली आणि अध्यक्षांच्या आडनावातलं एक अक्षर खाली पडलं.

"मऊऊऊ!" सगळी मुलं एका सुरात ओरडली.

"बाई, हा दगड नाहीच," एक चिमुरडी पूड चिमटीत धरून म्हणाली. "हा खडू आहे."

बाईंनी डोळे मिटले. टेकडी तर गेलीच, आता नोकरीही गेली, असं वाटून त्यांना रडूच यायला लागलं. आया पदराआड हसत होत्या. अध्यक्षांच्या कपाळावर घाम फुटला होता.

तेवढ्यात फुग्याची नजर अध्यक्षांच्या बोटातल्या टपोऱ्या हिऱ्यावर गेली. त्यानं खिळा सरसावला.

"आजोबा, हात पुढे करा ना."

अध्यक्षांनी झटकन हात खिशात घातला.

"वा, वा! छान शिकवताय, बाई," ते घाईघाईनं म्हणाले. "टेकडी चालू ठेवा. रोज न्या. आणि जमेल तितकं… लांब न्या."