पिलूमामाचा 'गो'

काशिनाथ गुरुजी विनोदी पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि स्वतः कधीच हसायचे नाहीत. शोकसभेतला ठराव वाचावा तसं तोंड. महाडात आमची त्यांची भिंत एकच, त्यामुळे 'पिलूमामा' या विनोदी पुस्तकमालेचे सोळाच्या सोळा भाग मी फुकटात ऐकले.

मी तेव्हा वाचनालयात कामाला. आज नातवंडं मला भोळी आजी समजतात. त्या काळी चष्मा केसांवर चढवला की आपण विदुषी, अशी माझी पक्की समजूत. सहाव्या भागातच मला त्या मामाचा वीट आला होता. गुरुजी मात्र नव्या भागासाठी येऊन विचारायचे, "बाई, मामा आला का?"

हसायच्या त्या त्यांच्या बायको, सोनूकाकी. डोंगरातल्या कुडपण गावच्या, अक्षरओळख नसलेल्या. पिलूमामा कोकणातला, पण लेखक शहरातला. त्याचा मामा मित्राला हाक मारी, "काय गो सखाराम!" 'गो' आमच्याकडे बाईमाणसाला म्हणतात. काकी पोळपाट सोडून लोळायच्या. "बाप्याला गो म्हनतो मेला! ह्याला कोन सांगनारं हाय का नाय?" बाकीचे विनोद त्यांना कळत नसत. खरं तर ते नव्हतेच.

मग काकी गेल्या. गुरुजींचं वाचन सुरूच राहिलं. प्रत्येक 'गो'पाशी ते थांबायचे. पोटभर हसायला लागतो तेवढा वेळ.

सतरावा भाग आला. भिंतीपलीकडे वाचन सुरू झालं, अडखळलं, बंद पडलं. सकाळी गुरुजी वाचनालयात हजर.

"बाई, मामा 'रे' म्हणायला लागलाय."

"बरोबरच आहे की, गुरुजी."

"बरोबर आहे म्हणून तर! आता यात वाचू काय?"

"जुने भाग वाचा ना."

"ते तिचे ऐकून झालेत."

पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकानं 'भाषेतली चूक दाखवणाऱ्या महाडच्या एका चोखंदळ भगिनीचे' आभार मानले होते. भगिनी म्हणजे मीच. चार पानी खरमरीत पत्र धाडलं होतं मी. ते आभार तर आदल्या दिवशी मी चौघींना वाचूनही दाखवले होते.

गुरुजींनी ते पान पाहिलं होतं का, देव जाणे. म्हणाले, "माझं नाव कमी करा."

सांगून टाकावं, असं ओठांपर्यंत आलं. पण मी सभासदांची वही उघडली, त्यांच्या नावावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. तिचंही मला तेव्हा कौतुक वाटलं.