बाहुलीच्या मेंदूतली लाट

या शहरात थक्क होऊन बघावेत असे मेंदू दोनच आहेत, असं भिंगराव सांगत. एक प्रयोगशाळेच्या कपाटात बरणीत ठेवलेला आणि दुसरा खुद्द त्यांचा. बरणीतला कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तो निदान गप्प बसायचा.

खिशात भिंग घेऊन हिंडतात म्हणून त्यांचं हे नाव पडलं होतं. ती थट्टा आहे हे त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. तान्ह्या मुलांचा मेंदू कसा वाढतो हे तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ते संशोधन सहायक होते. खरं तर तिथे नव्यानं लागलेली ती मुलगीही संशोधन सहायकच, पण ती रुजू झाली त्याच दिवशी भिंगरावांनी तिला आपली मदतनीस नेमून टाकलं. तेव्हापासून ती सहायकाची सहायक होती.

काम तसं सरळ होतं. आईनं बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं, बाळाच्या डोक्यावर तारांची ओलसर टोपी चढवायची आणि त्याला चित्रं दाखवायची. हे दोघं पडद्याआड बसून यंत्रावर उमटणाऱ्या मेंदूच्या रेघा बघत. कॅमेऱ्यात फक्त बाळाचं तोंड दिसे.

नवा प्रयोग सुरू झाल्यापासून त्या रेघांत एक लाट येत होती. प्रत्येक बाळाला, अगदी ठेक्यात. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, हरखून गेल्या. तिला त्यांनी ‘बुद्धीची लाट’ असं नाव दिलं आणि सोमवारच्या सभेत ती सगळ्यांपुढे मांडायचं ठरवूनही टाकलं. मदतनीस मात्र धास्तावली होती. लाट खोटी निघाली तर हसं होणार, प्रयोग बंद पडणार आणि पहिली गदा तिच्यावर येणार, कारण सगळ्यात शेवटी नोकरीला लागलेली तीच.

“सर, ही लाट मला जरा जास्तच शहाणी वाटते,” ती म्हणाली.

“अहो मदतनीस, हा घातपात आहे,” भिंगराव म्हणाले आणि भिंग पुसू लागले.

आधी त्यांनी लिफ्टवर संशय घेतला आणि ती बंद पाडली. वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना शिव्या घालत जिना चढले, पण लाट जागच्या जागी होती. मग फ्रिजची पाळी आली. त्यात सगळ्यांचे डबे आंबले. मग आयांचे मोबाइल, घड्याळं आणि एकीचे कानातले जप्त झाले. लाट हलली नाही.

शेवटी भिंगरावांनी सरावाची रबरी बाहुली काढली, तिला टोपी घातली आणि तिला मांडीवर घेऊन स्वतः खुर्चीत बसले. पडद्याआड मदतनीस यंत्राकडे बघतच राहिली.

“सर, बाहुलीलाही येतेय.”

पलीकडे भिंगरावांनी भिंगातून बाहुलीचे डोळे न्याहाळले.

“मला वाटलंच होतं,” भिंगराव म्हणाले. “यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून चमक आहे.”

त्या दिवसापासून ते बाहुलीला अहो-जाहो करू लागले.

शुक्रवारी शेवटचं बाळ आलं. आईचा हात मुरगळला होता, म्हणून बाळाला मामानं घेतलं. त्यानं जन्मात कधी मूल हातात धरलं नव्हतं. काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळावं तसा तो श्वास रोखून बसला. आणि यंत्रावर लाट आलीच नाही.

ही काही बोलायच्या आत भिंगराव पडदा सारून बाहेर गेले.

“ताई, मन घट्ट करा. तुमच्या बाळाला बुद्धीची लाट नाही. आमच्या बाहुलीला आहे.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्याआड हिला इतका संताप आला की नोकरीची काळजीही ती विसरली.

“सर, तोंड बंद ठेवा,” ती म्हणाली.

एवढ्यात बाळानं ओठ काढले. आई डोळे पुसत भावावर खेकसली, “दगडासारखा काय बसलायस? मांडी हलव जरा. पोर मांडीवर असलं की हलवायची असते, एवढंही कळत नाही?”

मामा घाबरून मांडी हलवू लागला. बाळ शांत झालं. यंत्रावर लाट उमटली, ठेक्यात.

हिनं पडद्याबाहेर डोकं काढून त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे पाहिलं.

“मामा, थांबा.”

लाट थांबली.

“आता हलवा.”

लाट परत आली. मदतनीस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“ताई, तुमचं बाळ अगदी छान आहे. आतापर्यंत त्याच्या एकट्याच्याच रेघा खऱ्या आल्यात. बाकी सगळ्यांच्या आया मांड्या हलवत होत्या आणि टोपीच्या तारा हिंदकळत होत्या.”

“मग हे म्हणाले ते?”

“त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या रेघा आम्ही अजून काढलेल्या नाहीत.”

मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारची सभा रद्द केली. मग म्हणाल्या, “सगळ्या बाळांना पुन्हा बोलवावं लागेल. ते तूच कर. तू आहेस ना अजून?”

“आहे,” ती म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

आवराआवर करायला ती खोलीत आली तेव्हा भिंगराव त्याच खुर्चीत बाहुलीला घेऊन बसले होते.

“पहिल्यापासून माझा संशय मांडीवरच होता,” ते म्हणाले.

“हो सर. बाहुली द्या, कपाटात ठेवते.”

भिंगरावांनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांची मांडी संथपणे हलत होती.

“हळू बोला. यांचा आत्ताच डोळा लागलाय.”

तिनं दिवा मालवला आणि पावलांचा आवाज न करता बाहेर आली.