काट्याला छत्री धरणारे बस्वराजअप्पा

बस्वराजअप्पा छत्री उघडतात ती काट्यासाठी. स्वतः भर उन्हात! लातूरचं एप्रिलचं ऊन, डोक्यावर नुसता टॉवेल आणि छत्री समोरच्या घड्याळासारख्या, तळहाताएवढ्या मोजमापाच्या काट्यावर धरलेली.

"अप्पा, अहो थोडी डोक्यावर घ्या की."

"मला ऊन लागलं तर मी पाणी पितो, सर. हे लोखंड तापलं की फुगतंय, आन् काटा चुकीचं दाखवतंय."

आमची मागची खोली काळ्या मातीनं पार खचवली होती. भिंतीला तडा असा, की शेजारच्यांच्या टीव्हीवरची मालिका आम्ही त्यातून बघावी. आणि धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला त्याच खोलीत येणार होती. म्हणून उदगीरहून अप्पांना बोलावलं. पाती असलेल्या लोखंडी नळ्या ते भिंतीच्या पायाशेजारी मशीननं स्क्रूसारख्या पिळत खाली मुरमापर्यंत नेतात आणि घराचा भार त्यांच्यावर देतात.

मशीन फिरलं की अप्पा नळीशी बोलायला लागत. "चल माय, अजून जरा. लाजू नको." नळी अडली तर "काय झालं गं?" विचारून चक्क उत्तराची वाट बघत! आमची ही म्हणाली, "शिका जरा. पस्तीस वर्षांत मला विचारलं नाहीत कधी."

अशा पाच नळ्या उतरल्यावर अप्पांनी एकीवर जॅकनं भार चढवला. थोडा चढवायचा, थांबायचं, नळी किती खचली ते काट्यावर बघून वहीत लिहायचं. दुपारी मान हलवून म्हणाले, "सर, ही खाली सरकून राहिली."

"कितीशी?"

"केसाएवढी. पण थांबंना. पाची अजून खाली न्याव्या लागतील. चार दिवस."

परवा लेकीला आणायला जायचं होतं. माझं डोकंच फिरलं. "तिचे दिवस भरत आलेत, अप्पा! आणि तुम्ही केसाचं काय घेऊन बसलात? लोकांना घोळात घ्यायची सवयच दिसते तुम्हाला!"

अप्पा नळीला नळी जोडायला लागले. चौथ्या दिवशी पुन्हा भार चढवला. काटा जरासा हलला आणि थांबला तो थांबलाच.

सामान आवरताना खाली बघूनच म्हणाले, "किल्लारीच्या भूकंपात माय गेली, सर. भिंतीखाली. मी आजोळी होतो. लेकीची खोली म्हणलात, मंग मला केस बी लई वाटला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, अप्पा."

"चहा घ्या, निवून राहिला," ते माझ्याच घरात मला म्हणाले.

लेकीला मुलगी झाली. दवाखान्यातून दोघी घरी आल्या, त्या दुपारीच मी अप्पांना फोन लावला. आनंदात माझा आवाज असा चढतो, की गल्लीला फोनची गरज नाही. "अप्पा! तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत!"

"माय-लेकरू कुठं हायत?"

"त्याच खोलीत. भिंतीला लागून झोपल्यात!"

 

"मंग वरडू नका, सर," अप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "उठतील."