राणा सांगांचे ऐंशी घाव आणि माझा हुंकारा

अलंकार ओळखण्यात आमच्या अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही! हे मी नाही, चाचणीचे गुण सांगतात. उपमा मला वासावरून कळते आणि अतिशयोक्ती तर वेशीपलीकडून येताना दिसते. ही विद्या हाती आल्यापासून घरात कुणाचंही वाक्य मी अलंकार सांगितल्याशिवाय सोडलं नाही.

"सुगन, बाट्यांचा कोळसा झाला गं!" आई अंगणातून ओरडली.

"अतिशयोक्ती!" मी जागेवरून न उठता सांगितलं.

त्या दिवशी आम्ही नुसती डाळ प्यायलो. इशारा तिथेच मिळाला होता. मी घेतला नाही.

मग राणा सांगांची जयंती आली. आमचं घर चारणांचं, राजांच्या गाथा सांगणाऱ्यांचं. जयंतीच्या दुपारी गावच्या चौकात कडुनिंबाखाली खाट टाकतात आणि तिच्यावर बसून दादोसा, म्हणजे माझे आजोबा, राणांची गोष्ट, आमच्या भाषेत 'बात', सांगतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील सांगायचे. पण आता दादोसांना विसरायला होतं. गेल्या वर्षी राणांना घेऊन ते निघाले खानव्याच्या रणात आणि पोचले भलत्याच राजाच्या लग्नात! ती वरात परत फिरवता फिरवता ऊन उतरलं. तेव्हापासून सरपंचांचा भोपाल भोंगा घेऊन टपलेला. "यंदा बात भरकटली, तर पुढल्या वर्षापासून मोबाइलवरची लावायची," असं पंचांनी ठरवूनच टाकलं. त्या दिवशी डोक्याला साफा बांधायला दादोसांना फार वेळ लागला.

आमच्याकडे बात एकट्यानं सांगत नाहीत. समोर एकजण बसून ओळीओळीला 'हूं' म्हणतो. तो हुंकारा. फौजेला जसा नगारा, तसा गोष्टीला हुंकारा. तो चुकला की सांगणाराही चुकतो. दादोसांना हुंकारा द्यायचे लाखजीकाका. नेमकी त्यांची दाढ सुजली. गाल असा, की साफा त्यालाच बांधावा!

"मी देते हुंकारा!" मी म्हटलं.

"नुसतं हूं म्हणायचं, बाईसा," दादोसा म्हणाले. "जमेल?"

नुसतं हूं? चाचणीत पहिली आलेली मुलगी नुसतं हूं म्हणणार?

बात सुरू झाली. "रणात राणा सिंहासारखे..."

"उपमा!"

दादोसांनी माझ्याकडे पाहिलं. "राणा म्हणजे मेवाडचा कोट..."

"रूपक!"

पोरं खिदळली. दादोसा अडखळले, मागची ओळ पुन्हा म्हणाले, घाम पुसला. "राणांच्या अंगावर ऐंशी घाव..."

"अतिशयोक्ती!"

मग ठाकूर मोहबतसिंह काठी टेकत उठले.

"अतिशयोक्ती? मग कितीला देतेस? साठ? भाजी घ्यायला आलीस का गं?"

"आमचे आजोबा चौऱ्याऐंशी सांगायचे!" पलीकडून हमीरजी ओरडले.

"वरचे चार तुमच्या आजोबांनी घातले असतील!"

"हुकम, तुम्ही काय मोजायला गेला होतात?" भांडतानाही 'हुकम' हा मान राखून हमीरजींनी विचारलं.

झालं! अर्धा चौक ऐंशीच्या बाजूनं, अर्धा चौऱ्याऐंशीच्या. मी मदतीसाठी अलंकार शिकवणाऱ्या सरांकडे पाहिलं, तर ते सरबताच्या माठामागे चप्पल शोधत होते. चप्पल त्यांच्या पायातच होती.

भोपालनं भोंग्याची कळ दाबली. खर्रर्र!

तेव्हा दादोसा खाटेवरून उतरले आणि धुळीत बसले.

"एक डोळा गेला," ते हळू आवाजात म्हणाले. "एक हात गेला. पाय अधू झाला. सरदारांनो, भंगलेली मूर्ती गाभाऱ्यात ठेवत नाहीत. या गादीवर आता दुसरा कुणी बसवा."

भांडण जिथल्या तिथे थांबलं. हे राणा बोलत होते की दादोसा? कुणाला कळेना. भोपालनं भोंगा बंद केला. दादोसांचे ओठ हलत होते, पण पुढची ओळ येत नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या जिभेवर 'दृष्टांत' तयार होता. मी तो गिळला.

"हूं," मी म्हणाले.

दादोसांनी मांडीवर थाप मारली. "तेव्हा सरदार उठले! म्हणाले, हुकम, रणात झिजलेल्या अंगानं गादी उणी होत नाही! आणि त्यांनी राणांना दोन्ही हातांनी उचलून..."

"हूं!" या वेळी अख्खा चौक म्हणाला.

मोहबतसिंहांनी काठी टाकली. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं हमीरजींनी, आणि ऐंशी-चौऱ्याऐंशीनं मिळून दादोसांना पुन्हा खाटेवर बसवलं. बात थेट खानव्याला पोचली. वाटेत एकही लग्न लागलं नाही! भोपाल भोंग्यावर बसून डोळे पुसत होता आणि पंच पुढल्या वर्षीच्या सरबताचं बोलायला लागले होते.

घरी येताना मी विचारलं, "दादोसा, खरं सांगा. तिथं तुम्ही विसरला होतात, की बातेतच तसं आहे?"

दादोसा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिले.

"हूं," म्हणाले.

यातला अलंकार मला अजून ओळखता आलेला नाही.