उपमुख्य समन्वयक मागे येत आहेत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. वर्गात पाहुणे आले आहेत. एवढ्या मुलांतून त्यांनी नेमकं तुमच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "तुझे बाबा काय काम करतात? एका वाक्यात सांग." सांगा बरं. घाई नाही. तुमचं वाक्य तयार होईपर्यंत मी एक गोष्ट सांगतो. (ज्यांचं वाक्य 'बाबा ऑफिसला जातात' असं आहे, त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवावेत. जाणं हे काम नव्हे.)

माणसाची प्रतिष्ठा त्याचं काम समजायला किती अवघड आहे यावर ठरते. पाव भाजणारा काय करतो हे दोन वर्षांच्या पोरालाही कळतं, म्हणून त्याला कोणी साहेब म्हणत नाही. या हिशेबाने आमच्या शेजारच्या घरातले गृहस्थ फारच मोठे होते. ते उपमुख्य समन्वयक होते. कशाचे, ते इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. त्यांना ऑफिसात गोल फिरणारी खुर्ची होती आणि एक कुंडी होती, जिला पाणी दुसरं कोणीतरी घालत असे.

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिला शाळेत निबंध आला, 'माझे बाबा'. ती वही घेऊन बसली.

"बाबा, तुम्ही ऑफिसात काय करता?"

"समन्वय."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ, एका विभागाकडून विषय येतो. तो मी दुसऱ्या विभागाकडे पाठवतो."

"मधल्या वेळात त्याचं काय करता?"

"पाहतो."

"आणि?"

"योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवतो."

भिंगरीने काहीच लिहिलं नाही. तेव्हा बाबांनी कागद घेतला, चौकोन काढले, चौकोनांमध्ये बाण काढले. चांगलं भरगच्च चित्र झालं.

"यात तुम्ही कुठे आहात?"

बाबांनी एकेका चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा बाण."

"म्हणजे इकडचं तिकडे."

"थोडक्यात, हो."

"मग ट्रकच चालवा ना! त्यात काय नेलं ते निदान दिसतं तरी."

मुलं असं काहीबाही बोलतात. मोठ्यांनी हसायचं असतं आणि विषय बदलायचा असतो, अशी पद्धत आहे. या गृहस्थांची चूक एवढीच की ते हसायला विसरले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ट्रक चालवायला शिकून घेतलं, रीतसर परवाना काढला आणि राजीनामा दिला. निरोप समारंभात 'मोठी पोकळी निर्माण झाली आहे' असं जाहीर करण्यात आलं. (नंतर बराच शोध घेतला, पण ती नेमकी कुठे झाली ते सापडलं नाही.)

या विषयावर मी एक छोटी पाहणी केली. ओळखीच्या शंभर सुशिक्षित माणसांना विचारलं, "सगळी कामं सारखीच ना?" शंभरच्या शंभर हो म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या घरात कोणी ट्रक चालवला तर?" त्र्याण्णव जणांना एकदम दुसरं काम आठवलं. उरलेल्या सात जणांना ऐकू कमी येत होतं.

भिंगरीची आई मात्र समजूतदार. ती म्हणाली, "अहो, चालवा की ट्रक. मी कधी नाही म्हटलंय? फक्त इमारतीत कळू देऊ नका." आणि तिनेच शब्द शोधून काढला: सल्लागार. फार सोयीचा शब्द आहे. सल्लागार कधीही जातो, कधीही येतो, आणि कोणी त्याला पुढे काही विचारत नाही, न जाणो सल्ला द्यायचा.

मग घरात नियम ठरले. बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर पडत. बॅगेत ट्रकवर घालायचे कपडे असत. ट्रक चार गल्ल्या सोडून उभा असे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे, ट्रक कुठेही दिसला तरी घरातल्या कोणी तो ओळखायचा नाही. इमारतीत ही गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती. (मला कशी ठाऊक, असं विचारू नका. आमच्या भिंती पातळ आहेत.)

शेवटचा नियम खास भिंगरीसाठी होता: ट्रककडे बघून हात हलवायचा नाही. ट्रक रोज शाळेच्या मैदानाजवळून जाई. मैदानावर असली की ती दोन्ही हात मागे घट्ट धरून उभी राही, न जाणो एखादा हात आपोआप हलायचा. तिच्या या शिस्तीचं शिक्षकांनी सर्वांसमोर कौतुक केलं. पुढे तोच निबंध पुन्हा आला, तेव्हा 'माझे बाबा सल्लागार आहेत' यालाही चांगले गुण मिळाले.

संध्याकाळी मात्र दार लावून घेतलं की ती विचारी, "बाबा, आज काय नेलंत?"

"खिडक्यांच्या काचा. एक फुटली नाही."

"आणि काल?"

"काल गाद्या. गाद्या सोप्या गं, त्यांना काही होत नाही."

बाबांना असं घडाघडा बोलताना तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणे, "मी उद्या हात हलवू?"

"आईला विचार."

"आई?"

"नाही."

असं छान चाललं होतं. मध्येच आमच्या इमारतीची लिफ्ट कायमची बंद पडली. नवी मागवली. तिची यंत्रसामग्री पोहोचवायचं काम ज्या कंपनीकडे गेलं, तिथे भिंगरीचे बाबा नव्यानेच लागले होते. 'गाडीला किंवा मालाला एक ओरखडा आला तरी घरी बसायचं', या अटीवर. त्यांच्या हातात पत्ता पडला तो स्वतःच्या घराचा. जुन्या नोकरीत हा विषय त्यांनी लगेच पुढे पाठवला असता. पण ट्रकच्या स्टीअरिंगसमोर एकच माणूस मावतो. त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि निघाले.

आमची गल्ली अरुंद. ट्रक आत घ्यायचा तर मागे मागेच घ्यावा लागतो. आणि मागे येणारा ट्रक दिसला की प्रत्येक माणसाच्या अंगात वाहतूक पोलीस येतो. इमारतीचे चिटणीस ओरडले, "सरळ! सरळ घ्या!" पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो डावीकडे, माझ्या कुंड्या!" इस्त्रीवाला म्हणाला, "उजवीकडे मारा!" मीसुद्धा "येऊ द्या, भरपूर जागा आहे," असं सांगितलं. (जागा नव्हती.)

दुसऱ्या कुठल्याही ड्रायव्हरने आम्हा सगळ्यांचा उद्धार केला असता आणि स्वतःच्या आरशात बघून गाडी लावली असती. पण बावीस वर्षांचा समन्वय हाडात मुरलेला! त्यांनी एकाही सूचनेचा अनादर केला नाही. काकूंसाठी थोडं डावीकडे, इस्त्रीवाल्यासाठी तेवढंच उजवीकडे, चिटणीसांसाठी सरळ, माझ्यासाठी मागे. सर्वांचं समाधान झालं आणि ट्रक गल्लीत आडवा अडकला. पुढचं चाक गटाराच्या कडेला, मागची फळी विजेच्या खांबापासून वीतभर.

"कोण बसवतं असल्या अडाण्यांना गाडीवर!" चिटणीस कडाडले. "शाळेचं तोंड तरी पाहिलंय का कधी?"

केबिनमधली टोपी आणखी खाली गेली. त्या टोपीखाली दोन पदव्या होत्या, पण त्यांनी ट्रक निघत नव्हता.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भिंगरी आणि तिची आई उभ्या होत्या. आई वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे फार बारकाईने तपासत होती.

"आई," भिंगरी म्हणाली.

आईने एक चिमटा काढला, पुन्हा तिथेच लावला.

"आई, कंपनीवाले काढून टाकतील ना बाबांना नोकरीवरून?"

आई 'नाही' म्हणाली नाही. 'हो'ही म्हणाली नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते न ठरवताच भिंगरी जिन्याने धावत सुटली. (लिफ्ट नव्हतीच.) ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली आणि फळीवर थाड्कन थाप मारली.

"सगळे गप्प बसा!"

मोठ्यांशी असं बोलू नये, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो आहे. तेव्हाही सांगणार होतो, पण मी गप्प बसलो होतो.

"बाबा, आरशात फक्त माझ्याकडे बघा! पुढे घ्या थोडं... आता येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्याऽऽ... बस्स!"

ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा सरळ आत आला. कुठेही ओरखडा नाही. पण गल्ली ट्रककडे बघतच नव्हती. गल्लीने 'बाबा' ऐकलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो! हातपाय धुऊन वर या, चहा टाकलाय!"

हे 'अहो' कोणासाठी होतं, ते सगळ्या मजल्यांना कळलं.

चिटणीस भिंगरीजवळ आले. "हे तुझे बाबा? अगं, ते तर सल्लागार ना?"

"नाही काका. ते ट्रक चालवतात. आज लिफ्ट आणली." मग तिने फार नम्रपणे विचारलं, "तुम्ही काय काम करता, काका?"

चिटणीस हसले. मग खाकरले. मग म्हणाले, "तसं सांगणं जरा अवघड आहे. कोणाकडे कागद-पेन आहे का?"

मुलांनो, आता डोळे उघडा. तुमचं वाक्य झालं का? नसेल झालं तर ही गोष्ट जे तुम्हाला वाचून दाखवताहेत त्यांनाच विचारा, आत्ता. ते हसले तर थोडं थांबा. त्यांनी कागद मागितला तर मात्र जपून, कारण सगळ्यांनाच काही ट्रक चालवायला जमत नाही.

भिंगरी चिटणीसांच्या चित्रातल्या तिसऱ्या बाणापर्यंत सभ्यपणे थांबली. मग ती केबिनमध्ये चढली, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि गॅलरीकडे बघून हलवायला लागली. आईने हातातला चिमटा खाली ठेवून हात वर करेपर्यंत ती हलवतच राहिली.