मालतीअक्का आणि आतड्यांची समजूत

"सकाळी पोट साफ झालं का गं?" शेजारच्या मालतीअक्का हे लिफ्टमध्ये विचारतात, चारचौघांत, खणखणीत आवाजात. अगं बाई! आमच्या बंगळुरातल्या बनशंकरीच्या इमारतीतले निम्मे लोक आता जिन्याने जातात.

अक्का हेब्बाळच्या एका प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशी वाढवतात. रजेच्या दिवशीही त्या पेशींना बघून येतात. "आपल्याला पचत नाही तो चोथा मोठ्या आतड्यातले जंतू खातात," त्या भाजीवाल्यालाही सांगतात, "आणि त्याचं ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात. पेशी 'सूज आणा, सूज आणा' असे निरोप धाडत सुटतात ना, त्यांना ते म्हणतं, स्वल्प गप्प बसा!" भाजीवाला बिचारा "सरी अक्का, सरी" म्हणत, मान डोलावत गवार तोलतो.

एकदा उत्साहाच्या भरात प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये ब्युटिरेट जास्त पडलं आणि पेशी मेल्याच. दोन दिवस अक्कांच्या घरात सुतक!

या वेडाचं मूळ घरातच आहे. त्यांचे यजमान श्रीपादअण्णा. त्यांच्या आतड्याला कित्येक वर्षं सूज येते, उतरते, परत येते. आली की माणूस निम्मा होतो. ती कायमची उतरावी, एवढंच अक्कांना हवंय.

गेल्या महिन्यात अण्णांचं दुखणं पुन्हा उलटलं. मी आपली शहाणी, वाटीभर कोसंबरी घेऊन गेले. भिजवलेली मूगडाळ, काकडी, गाजर, नुसता चोथाच चोथा! म्हटलं, अक्का खूश होतील. अक्कांनी वाटी हिसकावलीच.

"मारतेस की काय त्यांना? आतडं सोलवटलंय आत्ता! डॉक्टरांनी चोथा बंद केलाय."

मीही चिडले. "अहो, मग वर्षभर आमचं डोकं कशाला खाता?"

अक्का ओट्यापाशी उकडलेल्या दुधीतली एकेक बी नखाने काढत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डिशमध्ये ब्युटिरेट घातलं की सूज उतरते गं. दर वेळी उतरते. इथे का नाही उतरत?"

मी कोसंबरीची वाटी झाकून बाजूला ठेवली.

मनगटाने डोळे पुसून त्या दुधी आणि मऊ भात घेऊन आत गेल्या. अण्णांचा क्षीण आवाज आला, "तू जेवलीस का?"

"हो, कधीच," अक्का म्हणाल्या.

त्यांचं ताट ओट्यावर पालथंच होतं. मी ते सुलटं केलं आणि भात वाढायला घेतला.